अभ्यासपाठ : क्षमा झाली, तरी शिक्षा का?
(कार्ला फे टकर हिच्या वृत्तांतावरून)

शास्त्रपाठ : २ शमुवेल १२:१-१४, लूक २३:३९-४३, रोमकरांस पत्र १३:१-४.



खेडोपाडीच्या मंडळ्यांत फिरत असता एक प्रश्न आम्हास वारंवार ऐकावा लागतो. मनुष्याने खून केला आणि मागाहून खरा पश्चात्ताप केला, तर देव त्यास क्षमा करतो काय? करीत असेल, तर सरकार त्यास फाशी का देते? आणि ज्याचा जीव गेला त्याचे काय? पाहू गेल्यास हा एक प्रश्न नसून तीन आहेत. तीन प्रश्नांस एकच उत्तर देऊ गेल्यास आपली फसगत होते. म्हणून या आठवड्याच्या पाठासाठी अमेरिकेतील टेक्सास प्रांतात घडलेला एक वृत्तांत आम्ही निवडला आहे. त्यात हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहतात, आणि कोणत्याही एकास चुकवून पुढे जाता येत नाही.

१. बालपण

कार्ला फे टकर हिचा जन्म १८ नोव्हेंबर १९५९ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन या मोठ्या शहरी झाला. तीन बहिणींत ती धाकटी. आईबापांचे पटेना व ते विभक्त झाले. आठव्या वर्षी ती बहिणींबरोबर धूम्रपान करू लागली, आणि बाराव्या वर्षापर्यंत अमली पदार्थ तिच्या अंगवळणी पडले होते. चौदाव्या वर्षी तिने शाळा सोडली व देहविक्रयाच्या मार्गास ती लागली. या मार्गात तिला नेणारी दुसरी कोणी नसून तिची स्वतःची आईच होती. लेकराने आईचा हात धरून जावे ते प्रार्थनेस किंवा बाजारास, पण ही आईचा हात धरून नाशाकडे चालली.

हे आम्ही तिचा अपराध झाकण्यासाठी लिहीत नाही. याहून वाईट घरांत जन्मलेली पुष्कळ माणसे कोणाच्या केसासही धक्का लावीत नाहीत. परंतु ज्यांच्या पदरी लेकरे आहेत त्यांनी हे वाचून क्षणभर थांबावे, एवढाच आमचा हेतू.

२. अपराध

१३ जून १९८३ च्या पहाटेची गोष्ट. तेव्हा कार्ला तेवीस वर्षांची होती. दोनतीन दिवस ती व तिचे सोबती नशेत बुडून गेले होते. ती, तिचा प्रियकर डॅनी गॅरेट व आणखी एक सोबती असे तिघे जेरी लिन डीन याच्या बिऱ्हाडी शिरले. डीन हा तिच्या मैत्रिणीचा नवरा. तो बायकोपासून वेगळा राहत असे व कार्लाचे आणि त्याचे वैर होते. त्याची मोटारसायकल चोरावी हा त्यांचा बेत होता. घरात डीन जागा झाला. गॅरेटने त्याच्या डोक्यात हातोड्याचे घाव घातले, आणि कार्लाने तेथेच पडलेला टिकाव उचलला. आपण ज्याने विहिरीचा खडक फोडतो तो टिकाव. त्याने तिने डीनवर घाव घातले.

त्या खोलीत एक स्त्री भयाने अंथरुणाखाली लपली होती. तिचे नाव डेबोरा थॉर्नटन. तिचे या कोणाशी वैर नव्हते. डीनशी तिची ओळखही नुकतीच झालेली होती. तीही त्याच टिकावाने मारली गेली, आणि प्रेते सापडली तेव्हा टिकाव तिच्या छातीत तसाच रुतलेला होता. डीनचे वय २७ होते, डेबोराचे ३२. वाचकांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावी. अशा वृत्तांतांत मारणाऱ्याचे नाव जगभर होते व मरणाऱ्याचे कोणास आठवत नाही.

३. अटक व न्याय

पाच आठवड्यांनी, जुलै महिन्यात, कार्ला व गॅरेट पकडले गेले. गॅरेटच्या सख्ख्या भावानेच पोलिसांस साह्य केले होते. त्याने अंगावर गुप्त यंत्र बाळगून त्या दोघांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्या बोलण्यात कार्लाने आपल्या कृत्याची फुशारकी मारली होती, आणि घाव घालताना आपणास सुख झाले असे निर्लज्जपणे सांगितले होते. ते शब्द न्यायालयात पंचांनी ऐकले. आम्ही ते येथे लिहीत नाही.

१९८४ साली ह्यूस्टनच्या न्यायालयात तिचा खटला चालला. पंचांनी तीस डीनच्या खुनाबद्दल दोषी ठरविले व देहान्त शिक्षा झाली. गॅरेटच्या खटल्यात तिने साक्ष दिली. डेबोराच्या खुनाचा आरोप तिच्यावर पुढे चालविण्यात आला नाही. गॅरेटलाही देहान्त शिक्षा झाली, परंतु १९९३ साली तो यकृताच्या विकाराने तुरुंगातच मरण पावला.

न्याय झाला तो खोट्या साक्षीवर नव्हे. निरपराध्यास फासावर चढविल्याचा हा वृत्तांत नाही, हे वाचकांनी पक्के समजावे. अपराध तिचा होता आणि तो तिने स्वतः कबूल केला.

४. चोरलेले शास्त्र

खटला चालण्यापूर्वी, १९८३ च्या ऑक्टोबर महिन्यात, ती ह्यूस्टनच्या बंदिखान्यात असता काही ख्रिस्ती सेवक कैद्यांसाठी बाहुल्यांचा खेळ घेऊन आले. इतर स्त्रिया गेल्या म्हणून तीही गेली. तेथे पवित्र शास्त्राच्या प्रती ठेविल्या होत्या. त्या कैद्यांस फुकट वाटण्यासाठी आहेत हे तिला ठाऊक नव्हते. तिने एक प्रत गुपचूप उचलली, आपल्या कोठडीत नेली, आणि कोणी पाहू नये म्हणून कोपऱ्यात बसून वाचू लागली. आपण काय वाचीत आहो हे तीस धड समजेना. परंतु वाचता वाचता आपण गुडघ्यांवर आलो आहो व देवाजवळ क्षमा मागत आहो असे तिच्या ध्यानात आले. ही हकीकत तिने मागाहून पुष्कळांस सांगितली. आपण काय केले याचे खरे भान तीस त्या रात्री प्रथम झाले, असे ती म्हणे.

५. चौदा वर्षे

यापुढे चौदा वर्षे ती तुरुंगात राहिली. त्यांतील बहुतेक काळ गेट्सव्हिल येथील देहान्त शिक्षेच्या स्त्रियांच्या कोठड्यांत. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी तिची नमुनेदार कैदी म्हणून साक्ष दिली. ती इतर स्त्रियांबरोबर शास्त्र वाचीत असे आणि अमली पदार्थांच्या पाशात सापडलेल्या तरुणांस सावध करीत असे. १९९५ साली तुरुंगात सेवा करणाऱ्या एका ख्रिस्ती सेवकाशी तिचा विवाह झाला. पण वधूवरांस एकत्र उभे राहण्याची परवानगी नसल्यामुळे तो प्रतिनिधीच्या द्वारे लावण्यात आला.

या वर्षांतील एक गोष्ट आम्हास सर्वांत मोठी वाटते. डेबोरा थॉर्नटन हिचा भाऊ बहिणीच्या मरणानंतर दारू व अमली पदार्थांत बुडाला होता, आणि त्याच टिकावाने कार्लाचा जीव घ्यावा अशी आग त्याच्या मनात धुमसत होती. पुढे त्याने शास्त्र वाचले आणि ख्रिस्तास आपले जीवन दिले. मग तो तुरुंगात जाऊन कार्लास भेटला आणि आपण तीस क्षमा केली आहे असे त्याने तिच्या तोंडावर सांगितले.

डेबोराच्या नवऱ्याचे मन मात्र तसे वळले नाही. कार्लाच्या पालटावर त्याचा विश्वास बसला नाही, आणि झालेली शिक्षा भोगली जावी हेच त्यास योग्य वाटे. एकाच स्त्रीचा भाऊ आणि एकाच स्त्रीचा पती. एकाने क्षमा केली, एकाने केली नाही. दोघांचेही दुःख खरे होते.

६. दयेचा अर्ज

१९९८ च्या आरंभी सर्व अपिले संपत आली. टेक्सासात १८६३ नंतर कोणत्याही स्त्रीस देहान्त शिक्षा दिली गेली नव्हती, म्हणून जगाचे लक्ष तिकडे लागले. रोमचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी दयेची विनंती केली. पॅट रॉबर्टसन हे अमेरिकेतील प्रसिद्ध प्रॉटेस्टंट उपदेशक देहान्त शिक्षेच्या बाजूचे होते, परंतु त्यांनीही हिच्यासाठी रदबदली केली.

आपण स्त्री आहो म्हणून दया करावी असे कार्लाने मागितले नाही. स्त्रीपुरुष हा भेद येथे आणू नये असे तिने उघड सांगितले. आपला अपराध तिने लहान करून दाखविला नाही. फाशीऐवजी आयुष्यभर तुरुंगात राहून इतरांस वाचविण्याच्या कामी आपला उपयोग व्हावा, इतकेच तिचे मागणे होते.

२ फेब्रुवारी १९९८ रोजी प्रांताच्या माफी मंडळाने मत दिले. अठरा सभासदांपैकी १६ जणांनी अर्ज नाकारला व २ जण तटस्थ राहिले. तेथील कायद्याप्रमाणे मंडळाच्या शिफारशीवाचून गव्हर्नरास शिक्षा कमी करता येत नाही. केवळ एक वेळ तीस दिवसांची तहकुबी देता येते. धाकटे जॉर्ज बुश हे तेव्हा गव्हर्नर होते. त्यांनी ती तहकुबी दिली नाही. मनुष्याच्या अंतःकरणाचा व आत्म्याचा न्याय करणे हे वरच्या सत्तेवर सोपविलेले बरे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

७. शेवटचे दोन दिवस

त्याच दिवशी तीस गेट्सव्हिलहून विमानाने हंट्सव्हिल येथील तुरुंगात आणले. या तुरुंगात १९८२ पासून देहान्त शिक्षा विषाची सुई टोचून दिली जात होती. ३ फेब्रुवारीस शेवटच्या जेवणासाठी तिने एक केळे, एक पीच नावाचे फळ आणि हिरव्या पाल्याची कोशिंबीर मागितली. सर्वोच्च न्यायालयाने अखेरचे अर्ज फेटाळले. तुरुंगाबाहेर शेकडो लोक जमले होते. काही प्रार्थना करीत होते, तर काही तिच्या मरणाची वाट पाहत जल्लोष करीत होते.

संध्याकाळी सहानंतर तीस पलंगावर बांधण्यात आले. साक्षीदारांत एका बाजूस डेबोराचा पती होता, तर दुसऱ्या बाजूस, कार्लाच्या विनंतीवरून आलेला, डेबोराचा भाऊ होता. तिने प्रथम थॉर्नटन कुटुंबाची व डीनच्या आप्तांची क्षमा मागितली, आणि माझ्या मरणाने देव तुम्हास शांती देवो असे म्हटले. मग आपल्या नवऱ्यास व त्या भावास प्रेम कळविले, तुरुंगाच्या लोकांचे आभार मानले, आणि आता आपण येशूला समोरासमोर पाहू, तुम्हा सर्वांची तेथे वाट पाहू, असे सांगितले. ६ वाजून ४५ मिनिटांनी ती मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. तेव्हा ती ३८ वर्षांची होती.

कैद्यांस पलंगास बांधणाऱ्या शिपायांचा नाईक शंभराहून अधिक देहान्त शिक्षांत हजर राहिलेला मनुष्य होता. या घटनेनंतर थोड्याच दिवसांत त्याचे मन खचले. त्याने नोकरी सोडली, आणि पूर्वी तो देहान्त शिक्षेच्या बाजूचा असून पुढे तिच्या विरुद्ध बोलू लागला.

८. बोध

आता आपले तीन प्रश्न घेऊ.

पहिला : देव खुन्यास क्षमा करतो काय? शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. क्रूसावरील चोरास प्रभूने त्याच दिवशी सुखलोकाचे वचन दिले. मंडळीचा छळ करणारा व स्तेफनाच्या वधास संमती देणारा शौल प्रेषित झाला. परंतु जग विचारते की, हा पालट खरा कशावरून? मरण टाळण्यासाठी कोण भक्त होणार नाही? बंधूंनो, हा प्रश्न आपणास परका नाही. आपल्यापैकी कितीकांच्या आजोबांस व आजींस गावाने हेच ऐकविले, की हे पोटासाठी बाटले, दुष्काळात धान्यासाठी बाटले. त्या बोलण्यास आपल्या वडीलधाऱ्यांनी वादाने उत्तर दिले नाही. वर्षानुवर्षांच्या वागण्याने दिले. क्रूसावरील चोरास फळ दाखविण्यास वेळ नव्हता. कार्लास चौदा वर्षे मिळाली. त्या वर्षांत तिने दोष दुसऱ्यावर ढकलला नाही, आणि सुटकेची आशा संपल्यावरही तिची वाणी बदलली नाही. अंतःकरण देव जाणतो. आपण फळावरून झाड ओळखावे, त्यापलीकडे जाऊ नये.

दुसरा : क्षमा झाली, तर शिक्षा का? दाविदाचा वृत्तांत पाहा. त्याने उरीयाला युद्धाच्या तोंडी देऊन मारविले. नाथानाने त्याच्या पापाची क्षमा जाहीर केली, आणि त्याच तोंडाने घरावर येणारे दुःखही सांगितले. क्षमा खोटी नव्हती. दुःखही टळले नाही. तसेच प्रभूने त्या चोरास क्रूसावरून खाली उतरविले नाही, आणि चोरानेही उतरविण्यास सांगितले नाही. आपणास योग्य तेच मिळत आहे असे तो म्हणाला. देवाशी समेट होणे ही एक गोष्ट आणि मनुष्यांच्या कायद्याचे देणे फेडणे ही दुसरी. बाप्तिस्मा घेतल्याने सावकाराचे कर्ज बुडत नाही, तद्वतच हे आहे.

मग ख्रिस्ती मनुष्याने दयेची याचना करूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. रोम १३ मध्ये अधिकाऱ्याच्या हाती तरवार दिली आहे खरी. पण उत्पत्ती ४ मध्ये पहिल्या खुन्याचा जीव देवानेच खूण करून राखला, हेही शास्त्रच आहे. म्हणूनच या प्रश्नावर देवभीरू माणसांत मतभेद आहेत. आपल्या देशात राज्यघटनेच्या ७२ व्या कलमाने राष्ट्रपतीस शिक्षा माफ वा कमी करण्याचा अधिकार दिला आहे, आणि अत्यंत विरळा प्रसंगीच देहान्त शिक्षा द्यावी असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला. कायद्यानेच दयेचे दार ठेविले असता ते ठोठावणे हा अपराध नव्हे. आमचे स्वतःचे मत असे की, ज्या हाताने जीव घेता येतो त्या हाताने तो राखणे अधिक शोभते.

परंतु एक काटा आमच्या मनात सलतो. कार्ला तरुण होती, देखणी होती, गोड बोलणारी होती, आणि आपल्या प्रभूचे नाव घेणारी होती. म्हणून पुष्कळ ख्रिस्ती लोक तिच्यासाठी उठले. त्याच टेक्सासात आदल्या वर्षी, १९९७ साली, ३७ माणसांस देहान्त शिक्षा झाली होती. त्यांच्यासाठी किती मंडळ्या गुडघ्यांवर आल्या? दया मागायची तर कुरूपासाठी, मुक्यासाठी, परधर्मीयासाठीही मागितली पाहिजे. नाहीतर ती दया नसून आवडनिवड होय.

तिसरा : जो मेला त्याचे काय? येथे उपदेशकांनी फार जपावे. कार्लास पश्चात्तापासाठी चौदा वर्षे मिळाली. जेरी डीन व डेबोरा थॉर्नटन यांस एक प्रार्थना करण्याइतकाही वेळ मिळाला नाही. हाबेलाचे रक्त भूमीतून हाक मारते असे शास्त्र सांगते, आणि ती हाक देव ऐकतो. म्हणून डेबोराच्या पतीस कठोर म्हणण्याचा अधिकार आम्हास नाही. क्षमा ही दान आहे. ती वसूल करता येत नाही. खुन्यासही नाही, पाळकासही नाही. आपल्या गावात बांधावरून वा पाण्यावरून कुऱ्हाड चालली, तर आपण बहुधा आरोपीच्या घरी वकिलाची चौकशी करीत बसतो. विधवेच्या ओसरीवर कोण बसते? तिच्या लेकरांची फी कोण भरते? प्रथम ते करावे. मग, प्रभूने दार उघडले तर, क्षमेचे बोलावे.

शेवटी एक गोष्ट. कार्लाने शास्त्राची जी प्रत चोरली ती तिच्यासाठीच ठेविलेली होती. फुकट मिळणारी वस्तू तिने चोरली, कारण ती फुकट आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. टिकाव उचलण्यापूर्वी तेवीस वर्षांत तिला कोणी ते सांगितले असते तर तीन जीव वाचले असते की काय, हे आम्ही कसे सांगावे? परंतु आपल्या गावात आज कोणत्या पोरीस, कोणत्या पोरास, ते सांगावयाचे राहिले आहे, हे आपण प्रत्येकाने सांगू शकतो.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न

१. नाथानाने दाविदास क्षमा व दुःख ही दोन्ही कशी सांगितली? दोहोंपैकी एकच सांगितली असती तर काय बिघडले असते?
२. क्रूसावरील चोराने प्रभूजवळ काय मागितले व काय मागितले नाही?
३. कोणी नवा विश्वासी झाला असता लोक त्याच्या हेतूविषयी शंका घेतात. त्यास आपण काय सल्ला द्यावा?
४. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या तुरुंगात कोणास भेटावयाचे आहे? आणि ज्या घरचा मनुष्य मारला गेला, असे कोणते घर आपल्या भेटीची वाट पाहत आहे?

या आठवड्यात रोज मत्तय २५:३१-४६ व स्तोत्र ५१ वाचावे, आणि तुरुंगातील कैद्यांसाठी व मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी एकाच प्रार्थनेत विनंती करावी.